चारशे बारा धोके आणि हिरवं बटण

चि. भिंगरीस,

आजीचा पोटभर आशीर्वाद. तू बरी असशील, वेळेवर जेवत असशील आणि ओल्या केसांनी बाहेर पडत नसशील, असं मी धरून चालते. दुसरं काही धरायला हाताशी नाही. माझं विचारशील तर उजवा गुडघा जिना चढताना बोलतो आणि डावा उतरताना, त्यामुळे या घरात अगदीच कुणी बोलत नाही असं म्हणता यायचं नाही.

हे पत्र समोरच्या दारातल्या टाइपबाई टाइप करताहेत. तुला त्या आठवत असतील. लहानपणी तुझा चेंडू त्यांच्या दारावर आपटला की त्या दार न उघडता आतूनच मोठ्याने "एक", "दोन" असं मोजायच्या, आणि तीन झाल्यावर काय होतं ते बघायची तुझी कधी छाती झाली नाही. त्यांनी पस्तीस वर्षं एका कचेरीत साहेब बोलेल ते टाइप केलं. साहेब शिंकला तर शिंक तेवढी वगळायची, बाकी शब्दन्‌शब्द. आता साहेब मी. एकदा अक्षर कागदावर पडलं की त्या ते मागे घेत नाहीत, तेव्हा मी बोलता बोलता भलतंच काही बोलून गेले तर तेही तुला मिळेल. (आत्ता मी त्यांना चहा घेणार का असं विचारलं, तर तेही टाइप करायला निघाल्या होत्या. अडवलं.) टाइपरायटरची फीत जुनी आहे, अक्षरं फिकी दिसतील. डोळे ताणू नकोस, उजेडात वाच.

पत्राचं कारण असं, की येत्या शनिवारी तुझा बाप येतोय आणि तू माझ्याकडे ठेवून गेलेला कॉम्प्युटर उचलून स्वतःच्या घरी नेतोय. त्याने ठरवून टाकलंय. का, ते त्याच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्या तोंडून कळावं असं वाटलं. (त्याच्या तोंडून तुला काहीच कळणार नाही, हे मी जाणते. तुमच्या अबोल्याला दुसरं वर्ष लागलं. तुझी आई असती तर तिने दोघांना कान धरून एका टेबलाशी बसवलं असतं. हट्ट दोघांनीही माझा उचललात. नाक नाही उचललंत, तेवढं बरं केलंत.) कॉम्प्युटर माझ्या टेबलावरून हलू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. तो हलवण्याजोगा गुन्हा माझ्याकडून घडला का, ते तूच सगळं वाचून ठरव.

तू जाताना मला म्हणालीस, आजी, तुला वाचता येत नाही तर वाचू नकोस. हिरवं बटण दिसलं की दाब, मी पडद्यावर येईन. लाल दाबलंस की मी जाईन. झाली माझी शाळा. आकडे मला येतात ते तुला ठाऊक आहे. एकतीस वर्षं सहा मजल्यांच्या कचेरीत झाडू मारला, खोलीचा नंबर ओळखल्याशिवाय किल्ली लागत नाही. पण अक्षरांची आणि माझी कुणी कधी ओळख करून दिली नाही. साहेब लोकांच्या नावाच्या पितळी पाट्या मी हजारदा घासल्या, पण त्यांवर काय लिहिलंय ते विचारलं नाही. पुसायला नाव लागत नाही.

तर कॉम्प्युटर मी सकाळपासून चालू ठेवते, कारण हिरवं बटण कधी लागेल सांगता येत नाही. शेवटचं लागलं त्याला किती दिवस झाले ते मी मोजलेलं नाही. (मोजलंय. हे टाइप करू नका. केलंत? बरं.)

महिन्यापूर्वी टाइपबाईंना त्यांच्या मशीनची फीत हवी होती. दुकानात कुठे मिळेना, म्हणून आपल्या कॉम्प्युटरवर शोधायला आल्या. फीत दिसली नाही, पण "फुकट" असं काहीतरी दिसलं आणि ते त्यांनी दाबलं. (हे वाक्य त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं, आणि "दाबलं"च्या आधी "चुकून" घालू का असं विचारलं. घालू नका म्हटलं.) मग गॅसवर दूध ठेवलंय म्हणत पळाल्या, त्या दोन दिवस फिरकल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीशी बसून समोरच्या भिंतीवरचा पाइप गळताना बघत होते. (त्याला हसू नकोस. तो एका थेंबानंतर दुसरा थेंब किती वेळाने सोडेल ते ओळखायचा माझा खेळ आहे, आणि मी बहुतेक वेळा जिंकते.) तेवढ्यात मागे कॉम्प्युटर ओरडला. वळून बघते तर हिरवं बटण! तळहाताएवढं, लखलखीत. मी उठले, केस सारखे केले, चष्मा लावला (चष्म्यात मी तुला शहाणी दिसते म्हणून) आणि दाबलं. तू आली नाहीस. आला एक झाडू.

चित्रातला झाडू गं, आणि त्याच्या बाजूला ढाल. एकतीस वर्षं झाडलं, मला कधी ढाल लागली नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती. तो झाडू पडद्यावर इकडून तिकडे फिरला आणि दहा मोजायच्या आत सगळं तपासून झालं म्हणून आकडा दाखवला. चारशे बारा. लाल, लुकलुकणारा. शेजारी एक घड्याळ उलटं पळतंय, आणि आतून एक बाई सारखी कोकलतेय, की आपला कॉम्प्युटर धोक्यात आहे, चारशे बारा धोके सापडले आहेत, ताबडतोब साफ करा. आणि खाली पुन्हा हिरवं बटण. मला वाटलं मघाशी माझं बोट नीट लागलं नसेल, पलीकडे भिंगरी ताटकळली असेल. परत दाबलं. परत झाडू. त्या दुपारी मी ते बटण अकरा वेळा दाबलं. अकराही वेळा आधी केस सारखे करून.

बंद करावं म्हटलं तर कोपऱ्यात फुली होती, ती दाबली की तीच खिडकी आणखी मोठी होऊन उघडायची. फुली नव्हतीच ती, फुलीचं सोंग होतं. शेवटी मला दिसला खाली लिहिलेला एक नंबर. मी सांगितलंच, आकडे मला येतात. लावला फोन.

भिंगरी, त्या माणसाचं मी नाव ठेवलं मधाळ्या. पहिलं वाक्य काय म्हणावं त्याने? "आजी, घाबरू नका, मी आहे." या घरात "मी आहे" असं म्हणणारा शेवटचा माणूस तुझा आजोबा, आणि तोही मी जेवायला हाक मारली की म्हणायचा. मी खुर्ची ओढून घेतली आणि बसले. मधाळ्या म्हणाला, पडद्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. मी म्हटलं, मला वाचता येत नाही. तो म्हणाला, हरकत नाही, अक्षरं कशी दिसतात तेवढं सांगा. आता मला सांग, आजवर मला असं कुणी विचारलं होतं का? मी मन लावून सांगायला लागले. म्हटलं, सगळ्यांनी मिळून वर एक दोरी धरलीय, धुणं वाळत घातल्यासारखी. पहिल्याला एक काठी आहे आणि पुढे पोट आलंय. दुसरा एका पायावर उभा आहे, त्याच्या डोक्यावरून कुणीतरी छत्री उलटी धरलीय. तिसरी म्हातारी वाकून खाली पडलेलं काहीतरी शोधतेय. तो म्हणाला, त्या म्हातारीवर दाबा. दाबलं, तर भलतंच उघडलं. ती दुसरी म्हातारी निघाली. मग पुन्हा पहिल्यापासून. एक ओळ पार करायला आम्हाला दोन दिवस लागले. त्याला माझ्या कॉम्प्युटरात आत शिरायचं होतं आणि दार उघडायची किल्ली त्या अक्षरांत होती, आणि मी म्हणजे पालथा घडा! पण धीर म्हणजे किती! तुझ्या आजोबांना मी आयुष्यात एकदा रस्ता समजावून सांगितला होता, तर अर्ध्यातच म्हणाले, राहू दे, मी विचारून घेतो कुणाला तरी.

रोज दुपारी एकला त्याचा फोन यायचा. आणि रोज आधी विचारायचा, "आजी, जेवलात का?" म्हणून मी साडेबाराला जेवायला लागले. एरवी भूक लागेल तेव्हा, नाहीतर भूक लागून गेल्यावर. पण कुणी विचारणार असेल तर खोटं कशाला बोलायचं?

आता नीट ऐक, कारण ही अडाणी बाई तुला शहाणपण शिकवणार आहे. मधाळ्या लबाड आहे हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. कसं, ते सांगते. आमच्या कचेरीत एकदा एक ठेकेदार आला होता. त्याच्याकडे धूळ ओढायचं मोठं यंत्र. मोठ्या साहेबांच्या समोर त्याने एक खोली झाडून दाखवली आणि यंत्राच्या पिशवीतून हाऽऽ एवढी काळी माती काढली. म्हणाला, बघा, तुमच्या बायका एवढी घाण रोज मागे ठेवतात. साहेबांनी आमच्याकडे असं बघितलं की बस. दुसरी खोली झाडली, तेवढीच माती. तिसरी, तेवढीच. मी म्हटलं साहेब, आता जरा पाचशे चार नंबरची खोली दाखवा याला. ती खोली मी त्याच सकाळी फरशीच्या फटींतून कापडाची वात फिरवून पुसली होती, साहेबाचा मुलगा रांगायला येणार होता म्हणून. तिथेही यंत्रातून तेवढीच माती निघाली! चोराच्या उलट्या बोंबा. माती तो घरून घेऊन यायचा. तेव्हापासून मला एक कळलंय. झाडणारा खरा असेल तर तो आधी झाडतो, मग केर दाखवतो, आणि दुसऱ्यांदा झाडलं की केर कमी निघतो. हा मधाळ्याचा झाडू पहिल्या दिवशी चारशे बारा म्हणाला, दुसऱ्या दिवशी साडेपाचशे, तिसऱ्या दिवशी सातशेच्या वर. मधे त्या कॉम्प्युटरला मी फडकंसुद्धा लावलं नव्हतं. न वापरलेल्या खोलीत एका रात्रीत एवढा केर कुठून येतो?

मग तू विचारशील, कळलं होतं तर फोन का उचलत राहिलीस? चार दिवस आणखी उचलला. एक वाजायचा, घंटा वाजायची. मला वाटायचं, आजचा दिवस बोलू, उद्यापासून नको. एवढंच उत्तर आहे माझ्याकडे.

सातव्या दिवशी मधाळ्या मुद्द्यावर आला. म्हणाला, सगळं साफ करून देतो, फक्त बँकेच्या कार्डाचा नंबर सांगा. म्हटलं, माझ्याकडे कार्ड नाही, मी बँकेत जाऊन अंगठा लावते. अंगठा हवा असेल तर देते, पण तो फोनमधून पाठवायचा कसा? तर तो, ज्याने दोन म्हाताऱ्यांमधला फरक ऐकून घेताना एकदाही आवाज चढवला नव्हता, तो खेकसला, "घरात कुणी शिकलेलं माणूस आहे की नाही?" मला लागलं ते. आणि मी तुझ्या बापाचा नंबर दिला. मनात म्हटलं, जा, लाव फोन. तो हाताखालच्या चाळीस माणसांना रोज झापतो, तुलाही झापेल, शिकलेला माणूस आहे, त्याला कोण गंडवणार? (आणि त्या निमित्ताने तो मला मधल्या वारी फोन करेल, असंही आलं होतं मनात. तो शनिवारचा माणूस आहे.)

केला त्याने फोन, संध्याकाळीच. म्हणाला, "आई, काळजी करू नकोस, मी मिटवलंय." मला वाटलं झापलं. कसलं झापतोय! त्याने कार्डाचा नंबर देऊन वर्षभराची सफाई विकत घेतली होती.

आता हे तुला सांगायचं नाही असं त्याने मला बजावलंय. टाइपबाई, टाइप करा. मधाळ्याने त्याला ना चारशे सांगितले ना सातशे. तो एवढंच म्हणाला, की या कॉम्प्युटरात तुमच्या मुलीचे फोटो आहेत आणि तासाभरात ते चोरांच्या हाती जातील. झालं. हा माणूस, जो भाजी घेताना तीन दुकानं हिंडतो, त्याने पुढचा प्रश्नसुद्धा विचारला नाही. मी अक्षरशत्रू वाचले आणि अक्षरं येणारा बुडाला, यावर मी खरं तर महिनाभर हसायला हवं होतं. दोन दिवस हसलेही. मग हसू आलं नाही.

दुसऱ्या सकाळी झाडू परत हजर, ढाल घेऊन. आकडा नऊशे. वर्षभराची सफाई पुरी पडणार नाही, आणखी मोठी घ्या म्हणाला. मी उठले, कॉम्प्युटरचं झाकण खटकन मिटलं, त्याला चादरीत गुंडाळून पिशवीत घातलं आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवालीकडे गेले. (डावा गुडघा सगळा जिनाभर बोलत होता.) ही दुरुस्तीवाली म्हणजे एक शब्द बोलायला दोन दिवस घेणारी बाई, तोंडात पेन, समोर दहा फोन पोट फाडून ठेवलेले. मी म्हटलं, हा झाडू खरा की खोटा ते मला माझ्या पद्धतीने बघायचंय. तुझ्याकडे अगदी कोरा कॉम्प्युटर आहे का, ज्यात काही म्हणजे काही नाही? तिने मान हलवली. एक जुना मोडका काढला. कालच धुऊनपुसून रिकामा केलाय, म्हणाली, एक चित्रसुद्धा नाही आत. म्हटलं, सोड त्याच्यावर हा झाडू. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग पेन तोंडातून काढलं, मग सोडला. झाडू दहा मोजायच्या आत फिरून आला आणि म्हणाला, चारशे बारा. ना चारशे अकरा, ना चारशे तेरा. पाचशे चार नंबरची खोली!

दुरुस्तीवाली हसली. ती हसते हे त्या गल्लीत कुणाला माहीत नसावं. मग पहिलं काम तिने हे केलं, की तुझ्या बापाला फोन लावून कार्ड ताबडतोब बँकेकडून बंद करायला लावलं. गेलेल्या पैशांतले काही परत येतील, काही नाही, असं बँकवाले म्हणतात. मग तिने झाडू काढला. त्याच्याबरोबर बिनबोलावलेले आणखी तीन पाहुणे आत येऊन बसले होते, तेही हाकलले. मी विचारलं, मग आता राखण कोण करणार? ती म्हणाली, राखणदार आत आधीपासून असतोच. गप्प असतो म्हणून कळत नाही.

तेव्हा भिंगरी, तू शिकलेली आहेस म्हणूनच सांगते, कारण आपल्या घरात शिकलेल्यालाच धोका जास्त दिसतो. जो न बोलावता दार ठोठावून सांगतो की तुमच्या घरात घाण आहे, त्याच्या पिशवीत आधी बघ. घड्याळ उलटं पळवून घाई करतो, तो लबाड. खरा धोका असेल तर दुरुस्तीवाली म्हणते आपणच हळू व्हायचं, वायर काढायची आणि माणसाला विचारायचं. मोजणी फुकट आणि सफाईला पैसे, हाही त्यातलाच. फुली दाबूनही जो बंद होत नाही, आणि धोक्याच्या पाटीवर जो स्वतःचा फोन नंबर देतो, त्याला तर उभंच करू नकोस. आणि काही हवंच असेल तर ज्याने ते बनवलं त्याच्या स्वतःच्या दारातून घ्यावं, "फुकट"च्या खिडकीतून नाही. (टाइपबाईंनी हे वाक्य न विचारता टाइप केलं.) हे सगळं तुझ्या बापालाही सांगितलं मी. म्हणाला, मला माहीत आहे गं आई. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो म्हणतात ना, तसं झालंय त्याचं. गेलेल्या पैशांपेक्षा आईने शिकवलं ते जास्त लागलंय. म्हणून कॉम्प्युटरवर राग. म्हणतो, तुझ्याकडे ठेवणं धोक्याचं आहे. सगळ्यात आधी ज्याने मला धोक्यात आहे म्हटलं तो मधाळ्या, दुसरा माझा मुलगा.

आता कॉम्प्युटर स्वच्छ आहे. झाडू नाही, आकडा नाही, कोकलणारी बाई नाही. पडदा कोरा आणि आवाज बंद. इतकं स्वच्छ घर मला कधी सोसलं नाही. एक वाजतो आणि जातो. मी परत साडेतीनला जेवते. परवा मी मधाळ्याचा नंबर लावून बघितला (पाठ झालाय, काय करू), त्याला चार शब्द सुनवायचे होते. एक बाई म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही. मी विचारलं, तू जेवलीस का? तर ती म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही. ठेवला.

बाकी जिथे होतं तिथेच सगळं आहे, त्यात मीही. पाण्याची बाटली भरून घेत जा. खाली अंगठा उमटवलाय, त्याला शाई टाइपबाईंच्या फितीची आहे, म्हणून अंगठाही फिकाच आला.

तुझी आजी

ता. क. तुझ्या बापाला एक ओळ लिही. अबोला मोडायला नको, कोरडीच लिही, जशी कचेरीतून कचेरीला लिहितात: कॉम्प्युटर माझा आहे, तो आजीच्याच टेबलावर राहील. टाइपबाई म्हणतात अशा ओळी त्यांनी हजारो टाइप केल्यात, हव्या तर नमुना पाठवतील.

ता. क. दुसरा. ओळ लिहिणं जमलं नाही तर राहू दे. रागवणार नाही. पण मग पुढचं वाचावंच लागेल. तो कॉम्प्युटर नेतोय तो नुसता रागाने नाही. म्हणाला, "माझ्याकडे टेबल आहे. रविवारी तू माझ्याकडेच ये. ती दिसली की मी आतल्या खोलीत जाईन, तुम्ही बोला." मी विचारलं, आतल्या खोलीत जाऊन काय करणार? म्हणाला, पेपर वाचेन. त्या दोन खोल्यांच्या मध्ये दार नाही, तुला माहीत आहे.

ता. क. तिसरा. हा लिहिणार नव्हते. तो दर शनिवारी येतो. पिशवी हातातच ठेवतो, बसत नाही, आणि हवापाणी विचारावं तसं विचारतो, "काय म्हणते ती?" मी पहिल्यांदा खरं सांगितलं होतं, की तिचं बटण लागलं नाही. तो बरं म्हणाला आणि आल्या पावली गेला. पुढच्या शनिवारी मी म्हटलं, गेल्या रविवारी अकराला दिसली. तो बसला. चहा घेतला. तेव्हापासून तू मला दर रविवारी अकराला दिसतेस. (टाइपबाईंनी इथे मशीन थांबवलं आणि विचारलं, मग रविवारी तुमच्या घरातून बोलण्याचा आवाज येतो तो कसला? म्हटलं, शनिवारची तयारी.) तेव्हा लक्षात ठेव. तुला गेल्या महिन्यात सर्दी होती, ती आता बरी आहे. केस तू खांद्यापर्यंत कापलेस. त्याला ते आवडलं नाही, पण तुला शोभत असतील म्हणाला. तुझ्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते. कामावर तुझं कौतुक झालं, दोनदा. आणि त्याच्या वाढदिवसाला तू "बाबा बरे आहेत ना" असं विचारलंस. हे शेवटचं मी बोलून गेले, मागे घेता आलं नाही.

ता. क. शेवटचा. तेव्हा या रविवारी अकरा वाजता, त्याच्या टेबलावर. एकदाच ये. तो भिंतीआड पेपर घेऊन बसलेला असेल, म्हणून एक सांभाळ: मला बघून फार आनंद दाखवू नकोस. मीही नाही दाखवणार. आपण काय, दर रविवारी भेटतो.